पाण्याचं वाक्य

मासिक मागून उघडणारा माणूस मी एकच पाहिला, आणि नेमकं त्याच्याशीच माझं लग्न झालं. मथळा नाही, तक्ते नाहीत, थेट शेवटचं पान. शास्त्राच्या मासिकात तिथं बारीक अक्षरात संदर्भांची यादी असते. हा लेख लिहिताना आम्ही कोणाकोणाच्या कामाचा आधार घेतला, त्यांची नावं. त्या यादीवरून बोट खाली सरकायचं, इंग्रजी 'के'पाशी थांबायचं, आणि मासिक मिटायचं. मग दुसरं घ्यायचं.

त्यांचं नाव देवमन. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात म्हणून मी खंडारे म्हणते, आणि जगानंही त्यांना खंडारेच म्हणावं, पुढं कंसात साल घालावं, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणजे कुठल्या तरी लांबच्या देशातल्या शास्त्रज्ञानं लिहावं, 'खंडारे (१९६१) यांनी दाखवून दिलं आहे की...' ऐकायला इच्छा लहान वाटते. तिनं आमच्या घरात कितीतरी वर्षं कोणाला धड बसू दिलं नाही.

मी पंचफुला, अमरावतीत नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. खंडारे जबलपूरला शिकून ढोरांचे डॉक्टर झाले आणि अमरावतीच्या एका सरकारी प्रयोगशाळेत लागले. पण दवाखान्यात बसून बैलांच्या खांद्यांना मलम लावणं त्यांना जमणारं नव्हतं. एकदा रोग भोगलेलं शरीर तो रोग ओळखून कसं ठेवतं, आणि पुन्हा आला तर त्याला दारातूनच कसं हाकलतं, हे त्यांचं वेड. लस म्हणजे त्या रोगाचाच मवाळ केलेला जंतू. तो टोचायचा, शरीरानं थोडा ताप काढायचा आणि शहाणं व्हायचं. ताप आला की समजायचं, लस लागली. म्हणून खंडारे थर्मामीटर घेऊन गावोगाव वासरांच्या मागं फिरत.

माझ्या सासूबाईंना, जाईबाईंना, हे अजिबात पटत नसे. छप्पन साली नागपूरला जाऊन आम्ही सगळ्यांनी धम्म घेतला, आणि दर्यापूरकडच्या त्यांच्या गावात आपल्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं त्याच महिन्यात बंद केलं. सासूबाईंनी तर घरातला दोरसुद्धा चुलीत घातला. आणि लेक बघावा तर हा!

"आपुन ढोरं वढनं सोडलं," त्या म्हणायच्या, "अन् तू त्याईच्या शेपटाखाली काच घालत फिरून राह्यला. शिकून काय फायदा झाला सांग मले?"

"माय, हे जित्ते ढोरं हायेत."

"ढोर ते ढोरच."

तेव्हा बुळकांडीची, म्हणजे ढोरांच्या मोठ्या मरीची, लस टोचायची मोहीम चालू होती. बुळकांडी आली की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे, त्यामुळे लोक ढोरं घेऊन रांगा लावत. मोठी ढोरं वाचली. पण काही गावांत टोचलेली वासरं पुढच्या साथीत पटापट मेली. प्रयोगशाळेचे प्रमुख शेषराव साहेब म्हणाले की टोचणाऱ्यांनी बर्फ वितळू दिला, लस नासली. साहेबांचं हे बरं होतं. काहीही बिघडलं की खालच्याचा बर्फ वितळलेला असायचा.

खंडारेंना ते पटेना. एकाच पेटीतली, एकाच दिवशी टोचलेली लस अंजनगावकडच्या बोरगव्हाणात लागली आणि तेल्हाऱ्याकडच्या नेरखेडात लागली नाही. असं का? सत्तावन्नच्या थंडीत ते दोन्ही गावांना गेले.

बोरगव्हाणात त्यांची चंगळ झाली. गाई नुकत्या व्यालेल्या होत्या, घरोघर चिकाचा खरवस शिजत होता, आणि यांनाही ओसरीखाली बसवून पळसाच्या द्रोणात खरवस मिळाला. द्रोण काय, खाऊन फेकून देता येतो, म्हणून द्रोण. ते मला तेव्हाच कळलं होतं, पण खंडारे खुशीत होते म्हणून मी बोलले नाही.

मग ते नेरखेडला गेले. तिथले मोठे कास्तकार खुशालराव, त्यांचा गोठा भरलेला. त्यांनी आधी बाज टाकली. मग नेहमीची चौकशी.

"डाक्टर, गाव कोनतं तुमचं?"

"दर्यापुराकडचं."

"आडनाव?"

"खंडारे."

त्यापुढं खुशालरावांनी काही विचारलं नाही. 'तुमी'चं 'तू' केलं नाही, बाज काढून घेतली नाही, हेही सांगायला हवं. पण खंडारेंनी पाणी मागितलं तेव्हा डोमाजी नावाच्या गड्यानं तांब्या उंच धरला, आणि खंडारेंनी खाली वाकून ओंजळ केली. पाणी ओंजळीत पडलं, कोपरांवरून ओघळलं, सरकारी कोटाच्या बाह्या भिजल्या. गोठ्यात दोन गाई ताज्या व्यालेल्या दिसत होत्या. तरी खरवसाचा तुकडा कोणी पुढं केला नाही.

घरी आले ते कोट न काढता येरझाऱ्या घालत राहिले. मला वाटलं खुशालरावांचा राग आहे. तो होताच. पण नंतर म्हणाले, "त्यानं तांब्या वर धरला अन् माह्ये हात आपोआप जुळले, पंचफुला. मी काही ठरोलं नवतं. हाताईनंच केलं." जबलपूरची पदवी, अंगावर कोट, नवा धम्म, आणि हात जुनेच. त्या हातांचा राग त्यांना कित्येक वर्षं पुरला.

त्यानंतर वर्षभर ते नेरखेडला गेले नाहीत. बोरगव्हाणला दर महिन्याला जायचे, प्रत्येक वासराची नोंद ठेवायचे. नेरखेडचा रकाना कोरा. मी एकदा म्हटलं, "आवो, नेरखेडची वासरं काय करतील? त्याईनं का तुमचं पानी तोडलं?" तर दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद. मीही काही कमी नाही. मीही बोलले नाही. सासूबाईंना आमच्यामध्ये निरोप्याचं काम करावं लागलं.

अठ्ठावन्नच्या साथीत नेरखेडची वासरं पुन्हा मेली आणि वरून हुकूम आला, तेव्हा जावंच लागलं. या खेपेला त्यांनी खांद्याला पाण्याची कॅनव्हासची छागल लटकवली. खुशालरावांच्या अंगणात उभं राहून, सगळ्यांना दिसेल असं, ते स्वतःच्या छागलीतलं पाणी प्यायले. तहान नव्हती तरी प्यायले, हे त्यांनीच मला सांगितलं.

तेवढ्यात गोठ्यातून खुशालरावांच्या बायकोचा, भागीरथाबाईंचा, आवाज आला. त्या डोमाजीवर तडकल्या होत्या.

"काहून वढतं रे वासरू गाईपासून? चौथाच दिस हाय ना आज! मरीमायचा चीक हाय तो. कोनी बोट लावन तं खबरदार!"

खंडारे छागलीचं बूच हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी गोठ्याच्या दारात जाऊन विचारलं, "बाई, तुमी खरवस नाही करत?"

"ह्या गावात? बापा बापा! माह्या सासूनं नाही खाल्ला, मी नाही खाल्ला. लई वर्सांमांगं ढोराईची मरी आलती, तवा गावानं नवस केलता. पाच दिसाचा चीक वासराचा. मानसानं तोंडात नाही घ्याचा."

त्या दिवशी ते घरी आले आणि आधी हसले. इतके हसले की सासूबाई चुलीपासून उठून आल्या. मग बाजेवर बसले आणि डोळे पुसायला लागले.

"पानी त्याईनं खरंच तोडलं," ते म्हणाले. "पन खरवस तोडला नवता. खरवस त्या गावात कोनीच खात नाही. मी दोनी अपमान एकाच गाठोड्यात बांधले अन् वर्स घालोलं. उत्तर तठीच होतं, गोठ्यात. वासरू पिऊन राह्यलं होतं."

उत्तर असं होतं. आईला लस टोचलेली असली की तिच्या अंगातली राखण चिकातून वासरात उतरते. ती काही महिने टिकते, आणि तेवढ्यात आपण लस टोचली तर ती राखण लसीलाच शत्रू समजून मारून टाकते. ताप येत नाही, लस लागत नाही. पुढं आईकडची राखण विरून जाते आणि वासरू उघडं पडतं. बोरगव्हाणात चीक माणसांच्या पोटात जात होता, म्हणून वासरांच्या अंगात लस लागायला जागा होती. नेरखेडचा नवस चुकीचा नव्हता. चिकानं वासरू हगवणीपासूनही वाचतं, आणि लस नव्हती त्या काळात त्याच नवसानं कितीतरी वासरं बुळकांडीतून तारली असतील. म्हणून चीक तोडायचा नाही, टोचायला मात्र घाई करायची नाही. एवढी साधी गोष्ट, पण तोवर आमच्याकडे कोणी अशी मांडली नव्हती.

पुढची दोन वर्षं त्यांनी दोन्ही गावांत काम केलं आणि लेख लिहिला. शेषराव साहेब म्हणाले, पहिलं नाव माझं टाका, दुसरं तुमचं. खंडारेंनी लेख स्वतःच्या एकट्याच्या नावानं थेट विलायतेच्या मासिकाला धाडला. एकसष्ट साली तो छापून आला. त्या दिवसापासून साहेबांनी यांना बसायला सांगणं बंद केलं, आणि बढतीच्या कागदावर त्यांचा हात जड झाला.

मग पोस्टकार्डं यायला लागली. तिकडची पद्धत अशी की कोणाचा लेख आवडला तर त्याला कार्ड टाकून सुटी प्रत मागायची. केनिया, इजिप्त, इंग्लंड. पोस्टमन आमच्या दारात सायकलची घंटी मुद्दाम दोनदा वाजवायचा. खंडारे प्रती धाडायचे आणि म्हणायचे, "आता मांगून राह्यले ना, मंग वापरतीन." सासूबाई कार्डांवरची तिकिटं पाहायच्या. एकावर हत्ती होता, तो त्यांनी बुद्धांच्या तसबिरीखाली चिकटवला.

पण वापरलं कोणी नाही. महिने गेले, वर्ष गेलं. महिन्यातून एका रविवारी ते गाडीनं नागपूरला जायचे, कॉलेजच्या वाचनालयात मासिकं मागून उघडायचे आणि संध्याकाळी परत यायचे. चेहरा पाहूनच मला कळायचं. मी विचारायचे, "सापडले का खंडारे?" एरवी हसणारा माणूस, पण यावर कधी हसला नाही. जेवताना पाय हलवायचे. बसल्या जागी चपलेनं फरशी घासायचे. शेजारच्या लीलाबाई म्हणाल्या, तुमच्या घरात कोणी सुतारकाम करतं का हो?

"मंग नाही घेतलं नाव तं नाही घेतलं," मी एकदा चिडून म्हटलं. "वासराईले तं कळते ना?"

"वासराईले वाचता येत नाही," ते म्हणाले.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात नाव सापडलं. नागपूरहून ते एवढ्या घाईनं आले की टोपी गाडीतच राहिली. आफ्रिकेतल्या एका मोठ्या शास्त्रज्ञानं लिहिलं होतं. उतरवून आणलेला कागद त्यांनी माझ्या हातात दिला. मी मराठी शाळेची मास्तरीण, पण तेवढं इंग्रजी मला वाचता येत होतं. अर्थ असा: खंडारे (१९६१) म्हणतात तसा फरक केवळ चिकामुळे पडला असं मानता येत नाही. दोन गावांतली जनावरं, चारा, पाणी, सगळंच वेगळं असू शकतं. शिवाय एका गावाची पहिल्या वर्षाची निरीक्षणंच नाहीत, आणि त्याचं कारण लेखकानं दिलेलं नाही.

इतकी वर्षं वाट पाहिलेलं नाव, आणि ते आलं असं. मला त्या न पाहिलेल्या माणसाचा भयंकर राग आला. खंडारेंना नाही आला. ते म्हणाले, "बरोबर विचारलं त्यानं. मी असतो तं मी बी हेच विचारलं असतं." आणि मग त्यांनी जेवण टाकलं.

शेषराव साहेबांपर्यंत मासिक पोचलंच. त्यांनी यांना बोलावलं, या खेपेला बसायलाही सांगितलं.

"खंडारे, पहिल्या वर्षाचे आकडे असतीलच कुठंतरी. जुनी टिपणं चाळा. अंदाज असेलच ना तुम्हाला? आफ्रिकेतून कोण मोजायला येतंय? आणि दुसऱ्या लेखावर मग दोघांची नावं टाकू."

हे खंडारेंनी मला घरी येऊन सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला क्षणभर वाटलं, भरून टाकावेत. कोरा रकाना त्या गावानं केला होता, यांनी नव्हे. पण खंडारे साहेबांना म्हणाले होते, "नाही आकडे. मी गेलोच नाही." आणि उठून आले होते.

आता एकच उपाय होता. एकाच गावात, एकाच गोठ्यात, एकाच चाऱ्यावर, काही वासरांना चीक पाजायचा आणि काहींना नाही. मग सगळ्यांना सारखंच टोचायचं आणि ताप बघायचा. बोरगव्हाणात हे जमण्यासारखं नव्हतं. तिथल्या गाई त्या वर्षी आधीच व्यालेल्या, सगळ्या घरांनी चीक काढलेलाच. हे नेरखेडलाच करायला हवं होतं. म्हणजे ज्या गावात यांना ओंजळ करावी लागली, त्या गावात जाऊन सांगायचं की तुमचा नवस मोडा.

चौसष्टच्या दिवाळीच्या सुट्टीत मीही सोबत निघाले. नोंदी ठेवायला कोणी तरी हवं होतं, आणि खरं म्हणजे मला ते अंगण बघायचं होतं. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, अशा तीन मोटारी बदलल्या. तेल्हाऱ्याला ओळखीच्या एका मास्तरांकडे उतरलो आणि रोज नेरखेडला जायला लागलो. खंडारे मोटारीतसुद्धा उभेच राहायचे.

खुशालराव आता थकले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"डाक्टरसाहेब, मरीमायचा नवस हाय. बापजाद्याईचा. मले म्हातारपनी कोप पायजे का?"

"तुमचे वासरं टोचल्यावर बी मरून राह्यले, खुशालराव. दर साथीले. मी नवस कायमचा मोडा नाही म्हनत. थोडे वासरं, दोन दिस. कारन पक्कं कळलं तं मंग चीक बी वासराचाच राहीन अन् वासरू बी राहीन."

भागीरथाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्याच गोठा सांभाळायच्या, त्याच धार काढायच्या.

"दरवर्सी मेलेलं वासरू मी पाहतो, तुमी नाही पाहत," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "गाय हंबरते तं मले झोप येत नाही. चार वासराईचा चीक मी काढतो. मरीमायशी माहं मी पाहून घेईन."

चार वासरांना चीक मिळाला नाही, त्यांना जुन्या व्यालेल्या गाईचं दूध पाजलं. इतरांनी आपल्या आईचा चीक प्यायला. आता काढलेल्या चिकाचं काय करायचं? फेकायला भागीरथाबाईंचा हात होईना. तिसऱ्या दिवशी आम्ही अंगणात शिरलो तर वेलचीचा वास आला. नेरखेडात पहिल्यांदाच खरवस शिजला होता.

भागीरथाबाईंनी आम्हाला ओसरीवर बोलावलं. अंगणात नाही, ओसरीवर. आणि पितळेच्या ताटलीत, घरातल्या ताटलीत, खरवसाच्या वड्या आणून खंडारेंच्या पुढं ठेवल्या. मी ताटलीकडे पाहिलं आणि माझे डोळे भरून आले. सात वर्षांपूर्वी ज्या तुकड्यासाठी हा माणूस पेटून उठला होता, तो त्याच्यापुढं आला होता.

खंडारेंनी हात लावला नाही.

"तुमी नाही खात?" त्यांनी विचारलं.

"आमी कसा खाऊ?" भागीरथाबाई सहज म्हणाल्या. "आमाले नवस हाय. घरातल्या कोनाले चालत नाही. म्हटलं तुमाले काही बाधत नाही, तुमी खा. चांगला जमला हाय."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण मी खंडारेंकडे पाहिलं. घराला चालत नाही ते आपल्याला द्यायचं, ही रीत आम्हाला कोणी शिकवायला नको होती. आमच्या आज्यापणज्यांची पोटं त्याच रीतीवर भरली होती.

खंडारे शांत होते. इतक्या वर्षांत मी त्यांचे पाय पहिल्यांदाच स्थिर पाहिले.

"बाई, जे तुमाले चालत नाही ते मले बी चालत नाही," ते म्हणाले. "खरवस राहू द्या. मले पानी द्या."

डोमाजी गोठ्याच्या दारात उभा होता, तो सवयीनं तांब्याकडे निघाला. खुशालरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग भागीरथाबाईंकडे, मग अंगणातल्या तुळशीकडे बघत बसले. खंडारेंनी ओंजळ केली नाही. त्यांनी उजवा हात सरळ पुढं केला, तळवा बाजूला, तांब्या धरायला करतात तसा. तो हात हवेत तसाच राहिला.

भागीरथाबाई आत गेल्या. आत गेलेली बाई परत येईल की नाही, हे मला माहीत नव्हतं. त्या आल्या, तेव्हा त्यांच्या हातात भरलेला तांब्या होता. तो त्यांनी खंडारेंच्या हातात दिला. त्यांची बोटं यांच्या बोटांना लागली आणि त्यांनी ती झटकली नाहीत. खंडारे वरून न पिता तोंड लावून प्यायले, अर्धा तांब्या, आणि उरलेला माझ्याकडे दिला. ओसरीवरच्या ताटलीला संध्याकाळपर्यंत मुंग्या लागल्या.

महिन्याभरानं मी शाळेतून रजा काढून पुन्हा सोबत गेले, आणि सगळ्या वासरांना टोचलं. चीक न प्यायलेल्यांपैकी एक वासरू टोचण्याआधीच हगवणीनं गेलं होतं. चिकाशिवाय तसं होतंच, खंडारेंनी आधी सांगितलं होतं, तरी ते दोन दिवस जेवले नाहीत. ते वासरू उचलायला खुशालरावांनी कोणाला बोलावणं धाडलं नाही. स्वतः उचललं आणि स्वतःच्या शेतात पुरलं. उरलेल्या तिघांना चौथ्या दिवशी ताप चढला. चीक प्यायलेल्या एकालाही चढला नाही. मी आकडे लिहीत होते आणि खंडारे थर्मामीटर उन्हाकडे धरून पुन्हा पुन्हा बघत होते. मग मोठ्यानं ओरडले, "खंडारे, एकोनीसशे चौसष्ट!" गोठ्यातली ढोरं दचकली.

दुसरा लेख त्यांनी लिहिला. त्यात, कामाची पद्धत सांगतात त्या भागात, एक वाक्य घातलं: 'पहिल्या वर्षी नेरखेड येथे निरीक्षण झाले नाही, कारण निरीक्षकाला त्याच्या जातीमुळे त्या गावात पाण्याचा तांब्या हातात मिळाला नाही आणि तो वर्षभर तेथे पुन्हा गेला नाही.'

शेषराव साहेब म्हणाले, "हे शास्त्र आहे की गाऱ्हाणं?"

"कारन मांगितलं होतं," खंडारे म्हणाले. "कारन देलं."

विलायतेचे संपादक सभ्य होते. त्यांनी कळवलं की लेख उत्तम आहे, आम्ही छापतो. फक्त ते एक वाक्य विषयाला धरून नाही, त्याऐवजी 'स्थानिक कारणांमुळे' असे शब्द घालू. तीन आठवडे खंडारे अमरावतीच्या रस्त्यांवरून नुसते चालत होते. लेख मागं घ्यावा तर वासरं आणखी दोन हंगाम मरणार. द्यावा तर ते वाक्य जाणार. शेवटी त्यांनी होकार कळवला. त्या दिवशी ते मला म्हणाले, "माहं नाव छापतीन. माहं कारन नाही छापत." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले.

सहासष्ट साली लेख आला, आणि या वेळी नावं यायला वेळ लागला नाही. आफ्रिकेतल्या त्याच शास्त्रज्ञानं लिहिलं, 'खंडारे (१९६६) यांनी शंका निर्विवादपणे दूर केली आहे.' मग इजिप्त, मग ब्रिटन. आमच्या भागातले टोचणारेही वासरांना उशिरा टोचायला लागले. पोस्टकार्डांचा ढीग झाला. खंडारे आता मासिक पुढून उघडतात की काय हे बघायला मी टपून होते. नाही, मागूनच.

सुट्या प्रतींचं पाकीट आलं त्या दिवशी सासूबाई जवळ येऊन बसल्या. नेरखेडच्या तांब्याची गोष्ट मी त्यांना इतकी वेळा सांगितली होती की त्यांना ती पाठ होती.

"ह्याच्यात पान्याचं लिवलं का रे?" त्यांनी विचारलं.

खंडारेंनी एक प्रत उघडली. मग म्हणाले, "लिवलं, माय."

"कोठी?"

त्यांनी आईचं बोट धरलं आणि त्या ओळीवर ठेवलं, 'स्थानिक कारणांमुळे'वर. सासूबाईंना इंग्रजी काय, मराठीही वाचता येत नव्हतं. त्यांनी ती ओळ बोटानं हळूच चोळली, वासराच्या कपाळावरून हात फिरवतात तशी. मला ते बघवेना. मी भांडी घासायला उठले, घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

बाहेर आले तर खंडारे जमिनीवर मांडी घालून बसले होते. पुढं दौत, टाक, आणि प्रतींचा गठ्ठा. प्रत्येक प्रतीत त्या ओळीशेजारी, समासात, ते शाईनं अख्खं वाक्य लिहीत होते. पाण्याचं, हाताचं, जातीचं, न जाण्याचं. केनियाची प्रत, इजिप्तची प्रत, इंग्लंडची प्रत. मी शेजारी बसले आणि गठ्ठ्यातला अर्धा भाग ओढला. माझं अक्षर त्यांच्यापेक्षा चांगलं आहे.

सासूबाई आमच्याकडे बघत होत्या.

"पान्याचं हाय म्हनत होता ना मंगाशी?" त्या म्हणाल्या. "मंग आता काय लिवून राह्यले दोघं?"

खंडारेंनी मान वर केली नाही.

"बारीक छापलं त्याईनं, माय," ते म्हणाले. "मोठं करून राह्यलो."